वाया घालवायचे छर्रे

आमच्या घरात हाका मारायची पद्धत नव्हती, शिट्टी वाजायची. वडील पाटोद्याच्या शाळेत पीटीचे शिक्षक, आणि शाळा सुटली तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी काही सुटत नसे. एक लांब शिट्टी म्हणजे उठा. एक आखूड म्हणजे पाणी आणा. दोन आखूड लागोपाठ वाजल्या की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय, आधी सरांकडं बघायचं. हो, सरच. आम्ही दोघं भावंडं त्यांना घरातही सर म्हणायचो. लहानपणी दादा म्हणत होतो म्हणे, पण प्रकाश शाळेत गेला आणि वर्गात त्याच्या तोंडून दादा निघालं, पोरं हसली, तेव्हापासून घरीदारी सर. माय चुलीपुढून करवादायची, मी काय तुमची टीम हाय का, म्हणायची, आणि करवादत करवादतच पाण्याचा तांब्या भरायची. आज ती शिट्टी कुठल्या खणात पडलीय मला ठाऊक नाही. पण रस्त्यावर ट्रॅफिकवाल्यानं दोनदा शिट्टी मारली तरी माझी मान झटकन वळते, आणि मग माझा मलाच असा संताप येतो की दिवसभर कुणाशी धड बोलवत नाही.

घर गावाच्या कडेला, विहाराच्या मागं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, आणि वारा सुटला की त्या पत्र्याचा जो थडथडाट व्हायचा त्यात बोललेलं ऐकू यायचं नाही. पहाटे माय हुलग्याचं माडगं करायची. ते पिऊन अंगात ऊब आली की आम्ही माळावर निघायचो. परत आल्यावर भाकरी आणि येसराची आमटी. प्रकाशच्या ताटात आधी भाकरी पडायची, कारण तो नेम धरून दमलेला असायचा. मी त्याच माळावर तेवढाच वेळ उभी राहिलेली असायची, पण उभं राहण्यानं कुणी दमतं हे सरांच्या पुस्तकात नव्हतं. माय मात्र माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा दाबून ठेवायची, वरून दिसू नये असा.

बंदूक शाळेची होती, छऱ्याची. नळी मोडून छर्रा भरायचा, परत सरळ करायची आणि मारायचं. शेतात पाखरं हाकायला लोक आणतात तसलीच, जरा बऱ्यापैकी. ती असायची आमच्या घरी, लोखंडी कपाटात, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. सरांनी ठरवलं होतं की प्रकाशला नेमबाज करायचा. राज्याच्या संघात गेला की खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागेल, आपल्या वस्तीतला पहिला फौजदार. वस्तीत नोकरीला लागलेले पहिले सरच, त्यामुळे पुढचं पाऊल त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. कळून काय उपयोग, राग तेवढाच येतो.

नेमबाजी म्हटलं की लोकांना बंद खोली आठवते. आमची ती नव्हे. आमच्याकडची निवड उघड्या मैदानात व्हायची, पन्नास मीटरवर, आणि छऱ्याच्या बंदुकीला पन्नास मीटर म्हणजे परगाव. छर्रा तो केवढा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. घरातून निघालेलं लेकरू वाटेत खेळत बसावं तसा तो वाऱ्याबरोबर भरकटतो. जरा वारा असला की वीतभर बाजूला. म्हणून नेम निशाणीच्या मधल्या ठिपक्यावर धरायचाच नाही. वारा डावीकडून आला तर डावीकडं, रिकाम्या जागेवर धरायचा आणि वाऱ्यानं तो ठिपक्यावर आणून सोडावा असा हिशोब करायचा. आणि आमचा माळ म्हणजे वाऱ्याचं माहेर. तिथं सारखा एका अंगानं वाहील तो वारा कसला. बंदुकीपाशी एक, मधल्या ओघळीत दुसरा, निशाणीजवळ तिसराच. प्रकाशचा हात दगडासारखा स्थिर होता, मी ते नाकारत नाही. पण त्याला वारा दिसत नव्हता. मला दिसायचा. कुसळीचं गवत कुठून वाकतंय, वीटभट्टीचा धूर कधी मोडतोय, शेळ्या कुठल्या अंगाला तोंड करून उभ्या आहेत, गालाला गार कुठून लागतंय. हे मला कुणी शिकवलं नाही. रोज उभं केलं, बघत राहिले, दिसायला लागलं.

आता बंदुकीची एक खोड सांगते. रात्री तेल देऊन पुसून ठेवली की सकाळी पहिले चारपाच छर्रे कसेही जातात. नळीतलं तेल जळून जावं लागतं, त्याला आम्ही नळी गरम करणं म्हणायचो. ते वेडेवाकडे छर्रे प्रकाशनं मारले तर त्याचा हात बिघडेल, त्याचं मन खट्टू होईल, असं सरांचं म्हणणं. म्हणून ते मी मारायचे. ‘शालन, नळी गरम कर,’ असं सर म्हणायचे आणि पाठ फिरवून प्रकाशला व्यायाम द्यायला लागायचे. माझे छर्रे म्हणजे वाया घालवायचे छर्रे. ते कुठं लागतात हे बघायला एकदाही, एकदासुद्धा, सरांनी मान वळवली नाही. मी काय करायची, तर पलीकडच्या बांधावरच्या दगडावर चुन्याचा ठिपका दिला होता, त्यावर मारायची. पहिले दोन भरकटायचे. तिसऱ्याला मी वारा बघायची आणि बाजूला धरायची. चौथा, पाचवा ठिपक्यावर. दगडावर छर्रा बसला की टिच असा बारीक आवाज यायचा आणि चुन्याचा भुगा उडायचा. त्या टिचसाठी मी पहाटेच्या थंडीत उठायची. मग सर हात पुढं करायचे आणि बंदूक प्रकाशकडं जायची.

त्यानंतर माझं काम ओढणीचं. आधी सरांनी काठीला फडकं बांधून बघितलं होतं, पण फडकं निशाणीपाशी, मधला वारा सांगणार कोण? एकदा मी असंच बाजूनं ओरडले की आत्ता नको, थांब, आणि प्रकाश थांबला, आणि पुढचा छर्रा मधोमध बसला. सर शहाणे होतेच. निवडीच्या वेळी ओरडता येत नाही, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. मी निम्म्या वाटेवर, बाजूला उभी राहायची. डाव्या हातात ओढणीचं टोक धरलं तर डावीकडं नेम, उजव्या हातात तर उजवीकडं. टोक जितकं लांब धरू तितकं जास्त. डोक्यावरून घेतली तर थांब. दोन्ही टोकं सोडली तर मार. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी उगा ओढणीशी चाळा करतेय. प्रकाश तालुक्याला पहिला आला. मायनं शेवयाची खीर केली. पाटोद्यात लोक प्रकाशच्या पाठीवर थाप मारत होते आणि मी तिथंच, तीच ओढणी अंगावर घेऊन, खिरीच्या वाट्या फिरवत होते.

मी विचारलं नाही असं नाही. मी सरांना म्हणाले, पोरींची निवड कधी असती? सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, ‘पोरींची नसती. आपल्या जिल्ह्यात पोरी येतच न्हाईत तर घेतील कावून?’ मला ते पटलं. आपला बाप, त्यात मास्तर, खोटं कशाला बोलेल? वर्षभर मी ते खरं धरून उभी राहिले. तेव्हा प्रकाश शेजारीच बसून बुटाची नाडी बांधत होता. ती नाडी त्या दिवशी फार वेळ बांधली गेली, एवढं मला आठवतं.

बीडच्या निवडीला आम्ही पहिल्या एसटीनं गेलो. उतरल्यावर सरांनी मला स्टँडमागं त्यांच्या एका ओळखीच्यांकडं बसवलं. मुलांचं दुपारनंतर हाय, तेव्हाच वारा सुटंल, तोवर तू ऊन कशाला खाती, म्हणाले. केवढी ती माया! मी त्या बाईला लसूण सोलू लागले. दुपारी प्रकाश बोलवायला आला. मैदानावर नळाला पाणी प्यायला गेले तर तिथं एक मुलगी हातात निशाणीचा कागद घेऊन बसली होती, माझ्याच वयाची, वडवणीची. सहज म्हणाली, तू कावून न्हाई आली सकाळी? मी म्हणाले, सकाळी काय होतं? पोरींचं, ती म्हणाली. तिघीच होतो, मी पहिली आले, राज्याला जाणार. आणि तिनं हौसेनं कागद दाखवला. सगळे छर्रे उजव्या अंगाला गेलते. सकाळी वारा डावीकडून होता, लसूण सोलताना फोलपटं मला उजव्या हाताला उडताना दिसली होती. त्या बिचारीला वारा असतो हेच माहीत नव्हतं आणि तरी ती पहिली आली होती. वर म्हणाली, बरं झालं बाई यंदाच जमलं, पुढच्या वर्षी आपण वयात बसत न्हाई, मोठ्यांच्यात जायचं तर स्वतःची बंदूक पाहिजे.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती माझी तिथं, त्या नळापाशी गेली. रडू नाही, काही नाही. कान गरम झाले आणि पाणी तसंच ओंजळीतून सांडलं. वर्षभर मला माळावर उभं केलं, आणि ज्या दिवशी माझा दिवस होता त्या दिवशी मला लसूण सोलायला बसवलं! तेवढ्यात सर हाक द्यायला आले, चल, जागेवर. आणि मी गेले. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मी भांडले नाही, ओरडले नाही. पाय आपोआप गेले. दोरीच्या कडेला, निम्म्या वाटेवर, बाभळीच्या सावलीत जाऊन उभी राहिले.

प्रकाश आडवा झाला. वारा चांगलाच भणाणत होता, बाकीच्या पोरांचे छर्रे कागदाला शिवत नव्हते. माझे हात सवयीनं चालले. डावं टोक, लांब. थांब. सोडलं. त्याचे पहिले छर्रे सगळे बरोबर बसले असणार, कारण सरांचा चेहरा फुलला. मारणाऱ्या पोरांच्या ओळीमागं उभे होते ते, मिशीतल्या मिशीत हसले, आणि शेजारच्या दुसऱ्या मास्तराला काहीतरी म्हणाले. तो मास्तर प्रकाशकडं बघून मान डोलवायला लागला. ते हसू बघितलं आणि मी ओढणी गळ्यातून काढली, पिळली आणि कमरेला घट्ट बांधली, विहिरीतून पाणी शेंदताना बांधतात तशी. हाताची घडी घातली. बघ म्हणलं आता वारा, तुझा तू.

प्रकाशनं बघितलं. परत बघितलं. वाट बघून शेवटी मारला, तो कागदाच्या बाहेर. परत माझ्याकडं. मी हलले नाही. दुसराही गेला. आणि मग सरांनी ते केलं जे पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणी केलं नसतं. सवयच ती. त्यांचा हात गळ्याकडं गेला आणि मैदानात दोन आखूड शिट्ट्या वाजल्या. नेमबाजीच्या मैदानात शिट्टी म्हणजे सगळ्यांनी मारणं बंद. ओळीतल्या सगळ्या पोरांनी बंदुका खाली ठेवल्या. एकाचा छर्रा त्याच दचक्यात भलतीकडं उडाला. टोपीवाले पंच धावत आले, शिट्टी कुणी मारली म्हणून. सर शिट्टी तोंडात तशीच धरून उभे, आणि डोळे माझ्यावर. पंचांनी त्यांच्या नजरेच्या वाटेनं बघितलं तर मी. मग उलगडायला काय वेळ लागतो. शेजारच्या मास्तरानंच सांगितलं की मघापासून ती पोरगी ओढणी हलवत होती. प्रकाश बाद झाला. सर माझ्याकडं असे बघत होते, जशी काही शिट्टी मीच मारली होती.

परतीच्या एसटीत सर पुढं बसले, आम्ही दोघं मागं. घाट चढेपर्यंत प्रकाश खिडकीतून बाहेर बघत होता. मी विचारलं, तुला म्हाईत होतं का, पोरींचं असतंय म्हणून? त्यानं खिडकीची काच सरकवली. मांजरसुंबा गेलं. मग म्हणाला, ‘होतं.’

‘मग सांगितलं कावून न्हाई?’

‘सकाळी तू पोरींत बंदूक घेऊन झोपली असती तर पंचांनी तुला वळखलं असतं, मग दुपारी माझा वारा कुणी बघितला असता?’

हे त्यानं अगदी सरळ सांगितलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. जेवायला बसल्यावर मीठ दे म्हणावं तसं म्हणाला. सरांचा राग मी कधीमधी विसरते. म्हातारे झालेत, पाय सुजतात, औषधाच्या गोळ्या माझ्याच हातनं घेतात. पण हे वाक्य मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं, भाऊ हाय तुझा. भाऊ होता म्हणूनच तर. परका असता तर सोडलं असतं.

घरी आल्यावर सरांनी मायला सांगितलं की पोरीनं पोराचं वाटोळं केलं. माय भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले आणि एवढंच विचारलं, पोरींची होती का निवड? सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायला लागले. मायनं तीन ताटं वाढली, तिचं, माझं आणि प्रकाशचं, आणि सरांना म्हणाली, तुमचं तुमी घ्या. लग्न झाल्यापासून ती असं पहिल्यांदा बोलली असेल. सर आपल्या हातानं ताट घ्यायला उठले आणि त्यांना डाळीची वाटी कुठं असते तेही सापडेना.

दुसऱ्या दिवशी पहाटेची लांब शिट्टी झाली, मी उठले नाही. सरांनी परत वाजवली नाही. प्रकाश चारदोन महिने एकटा माळावर जाऊन आला, वाऱ्याच्या दिवशी हात हलवत परत यायचा. नंतर बंद झाला. पुढं त्यानं मोबाईलचं दुकान टाकलं, बरं चाललंय. मी अंगणवाडीत लागले, वडवणीला दिली, दोन लेकरं झाली. बंदुकीला पुन्हा हात लागला नाही. कुठून लागणार? कुणी माझ्याकडून असं ऐकायला बघतात की मी त्या दिवशी ओढणी कमरेला बांधली याचं मला वाईट वाटतं. मुळीच नाही. वाईट वाटतं ते त्याआधी मी एवढे दिवस ती हलवली याचं. आता त्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. एवढाली पाती लागतात त्यांना वारा ओळखायला. शेजारून गेले की मी बसमधून बघते, पाती कुठल्या अंगाला तोंड करून आहेत. मनातल्या मनात किती बोटं बाजूला धरायचं तेही ठरवते. हे माझ्याकडून आपोआप होतं, मला नको असलं तरी.

माय गेल्यापासून महिन्यातून एकदोनदा मी पाटोद्याला जाते, सरांचं करायला. परवा गेले तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. शाळेच्या कार्यक्रमात सरांचा सत्कार करायचा, म्हणून विचारायला. आता ते विद्यार्थीही टकले झालेत. प्रकाशही दुकान बंद करून येऊन बसला होता. गप्पा निघाल्या, माळावरच्या सकाळी, प्रकाशचा तालुक्यातला पहिला नंबर, वाऱ्यात मारलेले छर्रे. सरांचा चेहरा खुलला होता. एकानं मला चहा घेऊन येताना बघितलं आणि विचारलं, सर, ताईला न्हाई का शिकवलं तुमी?

सर हसले. मायेनं हसले, आणि मला तेच सहन झालं नाही. म्हणाले, ‘तिला कुठं आवड होती? ती यायची आपली आमच्याबरोबर, माळावर हुंदडायला. ओढणी उडवत फिरायची.’

सगळे हसले. मी प्रकाशकडं बघितलं. त्यानं ट्रेमधला कप उचलला आणि त्यातल्या चहाकडं बघत राहिला. तेव्हा बुटाच्या नाडीकडं बघत होता तसाच. मी ट्रे खाली ठेवला.

‘होती, सर,’ मी म्हणाले. ‘लई होती.’